वाचनातील अनुमान आणि त्याचे अध्यापन

इयत्ता पाचवीच्या वा सहावीच्या वर्गात प्रकटवाचनाचा तास चालू असता एक अनुभव शिक्षकास वारंवार येतो. एखादा विद्यार्थी उतारा स्वच्छ उच्चारांत, विरामचिन्हे सांभाळून, कोठेही न अडखळता वाचून दाखवितो. कठीण शब्दांचे अर्थही तो सांगतो. परंतु उताऱ्यात स्पष्टपणे न सांगितलेली, तरीही उताऱ्यावरून सहज कळावी अशी एखादी गोष्ट त्यास विचारली, की तो पुस्तकात पुन्हा पाहतो आणि 'हे येथे दिलेले नाही' असे उत्तर देतो. त्याचे म्हणणे एका अर्थी खरे असते. ती गोष्ट तेथे दिलेली नसतेच. ती वाचकाने मिळवावयाची असते. लिहिलेल्यावरून न लिहिलेले जाणून घेण्याच्या या क्रियेस प्रस्तुत लेखात 'अनुमान' असे म्हटले आहे. ही क्रिया शिकविता येते काय, आणि येत असल्यास कशी, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. ज्यास अक्षरे जुळविता येत नाहीत तो विद्यार्थी शिक्षकाच्या लगेच ध्यानात येतो. अस्खलित वाचणारा, पण अनुमान न करणारा विद्यार्थी मात्र कित्येक वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. पुढील इयत्तांत इतिहासाचे व विज्ञानाचे पाठ अधिक संक्षिप्त होत जातात, म्हणजेच वाचकावर अधिक सोपवू लागतात. तेव्हा हा विद्यार्थी पाठांतराकडे आणि तयार उत्तरांच्या मार्गदर्शकांकडे वळतो, व त्याच्या वाट्यास 'आळशी' किंवा 'मंद' हे विशेषण येते. वस्तुतः त्यास एक गोष्ट कोणी शिकविलेलीच नसते.

एक उतारा

विवेचनाच्या सोयीसाठी पुढील छोटा उतारा तयार केला आहे.

'गोदाआत्याने छत्री दाराबाहेर उघडून ठेवली, चपला उंबऱ्याशी सोडल्या आणि पदराने कपाळ पुसले. "आज तरी मिळाले का ग?" आजीने आतून विचारले. आत्या काही बोलली नाही. पत्र्याचा डबा तिने स्टोव्हच्या शेजारी ठेवला. तो पोकळ वाजला. "आई, उद्या पुन्हा उभे राहावे लागेल," ती म्हणाली. "गाडी उद्या यावयाची आहे म्हणतात." आजीने मुकाट्याने चुलीत दोन लाकडे सारली.'

बाहेर पाऊस होता, असे उताऱ्यात कोठेही म्हटलेले नाही. आत्या रॉकेल आणावयास गेली होती, ते तिला मिळाले नाही, तिची ही पहिली खेप नव्हती, ती रांगेत उभी राहून परतली, आणि रॉकेल नसल्यामुळे स्टोव्हऐवजी चूल पेटवावी लागली, यांपैकी एकही विधान लेखकाने केलेले नाही. तरीही जाणता वाचक हे सर्व 'वाचतो', आणि आपण काही विशेष केले अशी जाणीवही त्यास होत नाही. अनुमान शिकविण्यातील पहिली अडचण हीच आहे. ज्यास ते येते त्यास ते दिसत नाही. म्हणून ज्यास येत नाही त्याची अडचण शिक्षकास उमगत नाही.

अनुमानाचे दोन प्रकार

वरील अनुमाने एकाच जातीची नाहीत. 'आई' या संबोधनाने आत्या कोणास हाक मारते? आजीस. हे कळण्यासाठी एका वाक्यातील 'आजी' व दुसऱ्या वाक्यातील 'आई' या एकाच व्यक्ती होत, असा दुवा जोडावा लागतो. ज्यास तो जुळत नाही, तो घरात तीन स्त्रिया आहेत असे समजून पुढे जातो. 'पोकळ वाजला' आणि 'पुन्हा उभे राहावे लागेल' ही वाक्ये एकत्र आणली म्हणजे डबा रिकामाच परत आला हे कळते. उताऱ्यातीलच दोन वा अधिक स्थळे जोडणाऱ्या या अनुमानास 'संयोजक अनुमान' म्हणता येईल.

याउलट, छत्री दाराबाहेर उघडून ठेवतात ती निथळण्यासाठी, ही माहिती उताऱ्यात नाही. ती वाचक आपल्या अनुभवातून आणतो. स्टोव्हला रॉकेल लागते, ते शिधावाटप दुकानात रांग लावून घ्यावे लागत असे, हीही माहिती बाहेरची. उताऱ्यातील रिकामी जागा स्वतःच्या ज्ञानाने भरणाऱ्या या अनुमानास 'पूरक अनुमान' म्हणावे. हा भेद अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे; कारण दोहोंत होणाऱ्या चुकांची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे करावे लागतात.

आपल्या परंपरेतील विचार

'अनुमान' हा शब्द आपण न्यायशास्त्रातून घेतला आहे. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण जाणतो, हे त्या शास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण. यात धूर हा 'हेतू' आणि अग्नी हे 'साध्य'. आणि जेथे धूर तेथे अग्नी हा नियत संबंध म्हणजे 'व्याप्ती'. वर्गातील चुकांचे निदान करण्यास ही परिभाषा आजही उपयोगी पडते. आत्याने कपाळ पुसले यावरून बाहेर कडक ऊन होते असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याचा हेतू अगदीच निराधार नाही. परंतु कपाळ घामानेही ओले होते आणि पावसानेही. दोन्ही पक्षी संभवणाऱ्या अशा हेतूस नैयायिकांनी हेत्वाभासांत घातले आहे. उघडून ठेवलेली छत्री मात्र प्रश्नाचा निकाल लावते.

तथापि वाचनातील पुष्कळ अनुमाने धूर-अग्नीइतकी निश्चित नसतात. त्यांचे अधिक जवळचे नाते मीमांसकांनी स्वतंत्र प्रमाण मानलेल्या 'अर्थापत्ती'शी आहे. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि तो दिवसा जेवत नाही, ही दोन विधाने खरी असतील, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. एरवी त्यांचा मेळ बसत नाही. नैयायिक अर्थापत्तीचा समावेश अनुमानातच करतात, हा वाद येथे बाजूस ठेवू. शिक्षकाने घ्यावयाचा बोध एवढाच, की वाचलेल्या दोन गोष्टींत मेळ बसत नाही असे ज्यास जाणवते तोच तिसरी गोष्ट शोधावयास निघतो. ज्यास ती विसंगती जाणवतच नाही त्यास अनुमानाची गरज भासत नाही. म्हणून 'येथे काही जुळत नाही' ही जाणीव निर्माण करणे, हे या अध्यापनाचे पहिले कार्य होय.

मराठी वाक्यातील खुणा

प्रत्येक भाषा अनुमानासाठी स्वतःच्या खुणा पुरविते. त्या शिकविणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे, पण व्याकरणाच्या तासात त्या केवळ नावे देण्यापुरत्या येतात. वरील उताऱ्यात काय 'मिळाले' हे सांगितलेले नाही. परंतु क्रियापदाचे रूप पाहावे. साखर असती तर 'मिळाली' असे रूप आले असते. 'मिळाले' या रूपाने साखर वगळली जाते; दूध, तेल, रॉकेल, फार तर तांदूळ वा गहू शिल्लक राहतात. पुढे स्टोव्ह व चूल येताच रॉकेल निश्चित होते.

लहान अव्ययांचे कार्य याहूनही मोठे आहे. 'आज तरी' यातील 'तरी' पूर्वीच्या निष्फळ खेपा सांगतो. 'पुन्हा' त्यास दुजोरा देतो. 'म्हणतात' या एका शब्दावरून ही बातमी ऐकीव आहे, म्हणजे उद्याचीही खात्री नाही, हे कळते. मराठीत कर्ता पुष्कळदा अध्याहृत असतो. तेव्हा क्रियापदाचे लिंगवचन पाहूनच कोण बोलले, कोण गेले हे ठरवावे लागते. आदरार्थी बहुवचनावरून दोन व्यक्तींमधील नाते, आणि आत्या, मावशी, वहिनी यांसारख्या नातेवाचक शब्दांवरून सांगणाराचे घरातील स्थान कळते. या उताऱ्यात 'आत्या' म्हणणारा निवेदक तिच्या भावाचे अपत्य आहे, हेही असेच कळते.

एकेका वाक्यावर असा अभ्यास घेता येतो. 'यंदाही आमच्या आडाचे पाणी शिमग्यापर्यंत पुरले नाही' हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि प्रत्येक शब्द काय काय सांगतो ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. 'यंदाही' म्हणजे मागेही असेच झाले होते. शिमगा फाल्गुनात येतो, म्हणजे खरा उन्हाळा अजून पुढेच आहे. 'पुरले नाही' म्हणजे घर त्या पाण्यावर अवलंबून आहे. सात शब्दांच्या वाक्यातून एका कुटुंबाचे पुढील तीन महिने मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात.

अनुमान का चुकते?

या विषयाचा प्रायोगिक अभ्यास जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1917 मध्ये विद्यार्थ्यांच्या उतारावाचनातील चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. उतारा समजणे हे गणिताचे उदाहरण सोडविण्यासारखे आहे, त्यात योग्य घटक निवडून प्रत्येकास योग्य तेवढे वजन द्यावे लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुष्कळ चुका एखाद्या शब्दास नको तेवढे महत्त्व दिल्याने होतात, हेही त्यांनी दाखविले. कपाळ पुसण्यावरून ऊन ठरविणारा आपला विद्यार्थी याच वर्गात मोडतो.

अनुमानास वेळ व श्रम लागतात, हे 1974 मध्ये हॅविलंड व क्लार्क यांच्या प्रयोगांत दिसून आले. आधीच्या वाक्यात एखाद्या पेयाचा उल्लेख असून पुढील वाक्यात ते कोमट असल्याचे सांगितले, तर वाचकांस ते लवकर समजे. आधी केवळ सहलीच्या सामानाचा उल्लेख असला, म्हणजे पेय त्या सामानातलेच हा दुवा वाचकाने जोडावयाचा असला, की समजण्यास अधिक वेळ लागे. हे प्रौढ वाचकांच्या बाबतीत घडले; मग शिकाऊ वाचकास सवड दिली पाहिजे, हे उघड आहे.

मुलांच्या बाबतीतील मौलिक संशोधन इंग्लंडमध्ये जेन ओकहिल, केट केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. शब्द बिनचूक वाचणारी, पण आकलनात मागे असणारी मुले त्यांनी अभ्यासासाठी निवडली. 1999 च्या अभ्यासात ही मुले संयोजक अनुमानांत, आकलनाची तेवढीच पातळी असलेल्या वयाने लहान मुलांच्याही मागे आढळली. परंतु उताऱ्यात कोठे पाहावे ते दाखवून दिल्यावर त्यांना ती अनुमाने करता येऊ लागली. पूरक अनुमानांस लागणारी माहितीही, सरळ विचारली असता, त्यांच्यापाशी पुष्कळदा होती. 2001 मध्ये याच गटाने एका काल्पनिक ग्रहाविषयीची माहिती मुलांकडून आधी पक्की करून घेतली आणि मग तिच्यावर आधारलेली गोष्ट दिली. आवश्यक ती माहिती सर्वांस सारखीच असताना देखील आकलनात मागे असलेल्या मुलांनी कमी अनुमाने केली.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. अशा पुष्कळ मुलांत अनुमान करण्याची शक्ती नसते असे नाही. ते केव्हा करावयाचे आणि त्यासाठी कोठे पाहावयाचे, हे त्यांस ठाऊक नसते. उतारा म्हणजे एकामागून एक वाचून संपवावयाची वाक्ये, अशी त्यांची वाचनाविषयीची कल्पना असते.

परंतु ज्ञानाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. 1988 मध्ये रेक्ट व लेस्ली यांनी अमेरिकेतील 64 विद्यार्थ्यांस बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्चे पण त्या खेळाचे जाणकार असलेल्या मुलांस, वाचनात चांगल्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक समजले. आपल्याकडे 'वाफसा न आल्यामुळे पेरणी रखडली' हे वाक्य घ्यावे. शेतकऱ्याच्या मुलास पाऊस उघडलेला नाही, जमीन फार ओली आहे, हे तत्काळ कळते. शहरातील हुशार मुलगा पाऊस झाला नाही असे समजून मोकळा होतो. वरच्या उताऱ्याबाबत उलटही घडेल. ज्या मुलाने घरात गॅसची शेगडीच पाहिली, त्यास रॉकेलच्या रांगेची कल्पना कोठून असणार? ही उणीव बुद्धीची नाही, ओळखीची आहे. आणि ती वाचनापूर्वी पाच मिनिटांच्या गप्पांत भरून काढता येते.

अध्यापनाची पद्धती

वरील विवेचनावरून अध्यापनाचे काही टप्पे सुचतात.

पहिला टप्पा वाचनापूर्वीचा. पाठातील प्रसंगासारखे विद्यार्थ्यांच्या जीवनात काय घडले आहे, ते बोलते करावे आणि पाठात काय घडेल याचा तर्क करावयास सांगावे. हॅन्सन व पिअर्सन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या मुलांसाठी असाच क्रम वापरला होता. वाचनानंतर अनुमानाचे प्रश्न चर्चेस घेतले होते. त्याचा लाभ विशेषेकरून कच्च्या वाचकांस झाला.

दुसरा टप्पा शिक्षकाच्या प्रकट विचाराचा. शिक्षकाने एखादा परिच्छेद वाचताना आपल्या मनात काय चालले आहे ते उघड बोलून दाखवावे: 'छत्री बाहेर ठेवली, तीही उघडून, मग ती ओली असावी. येथे "आई" कोण? थांबा, मागे पाहू.' मागे वळून पाहणे ही चूक नसून जाणत्या वाचकाची रीत आहे, हे विद्यार्थ्यांस अशा वेळी प्रत्यक्ष दिसते.

तिसरा टप्पा प्रश्नोत्तरांचा. याचे सर्व सामर्थ्य 'कशावरून?' या एका प्रश्नात आहे. संभाषण पुढीलप्रमाणे चालू शकेल.

'बाई, बाहेर ऊन होते.'
'कशावरून?'
'आत्याने कपाळ पुसले.'
'बरे. मग छत्री दाराबाहेर उघडून का ठेवली असेल?'
'... वाळावी म्हणून. नाही बाई, पाऊसच होता.'

येथे बाईंनी उत्तर चूक म्हटले नाही आणि बरोबर उत्तरही सांगितले नाही. त्यांनी फक्त दुसरा हेतू समोर ठेवला. 'कशावरून?' हा प्रश्न बरोबर उत्तरानंतरही विचारला पाहिजे. तो केवळ चुकीच्या वेळी विचारला, तर विद्यार्थी त्यास दटावणी समजतात.

याच प्रश्नाने अतिरेकी अनुमानासही आळा बसतो. आत्या माहेरी आहे, यावरून ती विधवा असावी किंवा तिला सासरी त्रास असावा, असे एखादा विद्यार्थी म्हणेल. उताऱ्यात त्यास आधार नाही. ती चार दिवसांसाठी आलेली असू शकेल, अथवा तिचे लग्नच झालेले नसेल. अशा वेळी 'हे उताऱ्यावरून सांगता येत नाही' हे उत्तर सर्वांत अचूक ठरते, आणि तसे म्हणावयास शिकणे हाही अनुमानशिक्षणाचाच भाग आहे. आधार न पाहता माणसांविषयी मत बनविण्याची सवय वर्गात मोडली नाही, तर ती पुढे वृत्तपत्र वाचताना आणि शेजाऱ्याविषयी बोलताना कायम राहते.

चौथा टप्पा विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा. उताऱ्यावर त्यांनीच प्रश्न तयार करावेत आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात आहे, दोन स्थळे जोडून मिळते, की आपल्या माहितीची भर घालून मिळते, ते सांगावे. युइल व ओकहिल यांनी 1988 मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांस शब्दांवरून अर्थ काढण्याचा व प्रश्न तयार करण्याचा सराव दिला होता. केवळ शब्द भराभर वाचण्याचा सराव केलेल्या गटापेक्षा कच्च्या वाचकांची प्रगती त्यात अधिक झाली. नुसते आकलनाचे प्रश्न सोडविणाऱ्या गटातही सुधारणा दिसली, हे मात्र नमूद केले पाहिजे. कोणत्याही एका युक्तीस जादूचे सामर्थ्य नाही.

या प्रकारच्या 25 अभ्यासांचा एकत्रित आढावा एमी एलेमन यांनी 2017 मध्ये घेतला. अनुमानाच्या अध्यापनाने चांगल्या व कच्च्या अशा दोन्ही वाचकांचे अनुमानात्मक आकलन सुधारते, आणि कच्च्या वाचकांस तर उताऱ्यात स्पष्ट दिलेली माहितीही अधिक चांगली समजू लागते, असे त्यात दिसले. न लिहिलेले शोधू लागलेला विद्यार्थी लिहिलेले अधिक लक्षपूर्वक वाचतो, असा त्याचा अर्थ लावता येईल.

मूल्यमापन

ज्याची परीक्षा होते तेच वर्गात शिकविले जाते. उताऱ्यातील वाक्य उचलून लिहिले की पूर्ण गुण, अशी परीक्षा असेल तर वरील सर्व खटाटोप शिक्षकास आणि विद्यार्थ्यास व्यर्थ वाटेल. यावर एक साधा उपाय आहे. अपठित उताऱ्यावर निदान दोन प्रश्न अनुमानाचे ठेवावेत आणि त्यांचे निम्मे गुण उत्तरास, निम्मे आधारास द्यावेत. ज्याचा निष्कर्ष भिन्न पण आधार सयुक्तिक आहे, त्यास मग शून्य मिळणार नाही. आणि ज्याने शेजाऱ्याचे उत्तर उतरविले, त्यास पूर्ण गुण मिळणार नाहीत.

अनुमानासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तास मागण्याची गरज नाही. मराठीच्या, इतिहासाच्या, विज्ञानाच्या नेहमीच्या पाठात दररोज एक परिच्छेद या रीतीने सावकाश वाचला तरी पुरे. मात्र 'कशावरून?' असे विचारल्यानंतर शिक्षकाने थांबावयास शिकले पाहिजे. उत्तर येण्यापूर्वीची ती शांतता वर्गात फार दीर्घ वाटते आणि आपणच उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो. परंतु त्याच अवधीत मागील बाकावरील एखादा विद्यार्थी प्रथमच पान मागे उलटून पाहत असतो.